तुझा ‘सज्जन’ माझ्या घरात

प्रिय दादा,

बारा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकशील. मी अजून ग्रंथालयात फाटकी पुस्तकं बांधते. तुझ्या हेरकथाच जास्त येतात. लोक वाचून वाचून पार खिळखिळ्या करतात. खळ वाळेपर्यंत मी त्या वाचते. घरी नेत नाही, ह्यांना चालत नाहीत.

तुझा खलनायक मला पहिल्या पुस्तकापासून ओळखीचा वाटला. सगळे त्याला ‘सज्जन’ म्हणतात. आवाज कधी चढवत नाही. बायकोच्या चपला दारात सरळ लावून ठेवतो आणि तिने त्या किती वाजता काढल्या तेही ध्यानात ठेवतो. मला तुझाच राग आला. दोन वर्षं आमच्याकडे राहिलास, जेवलास, आणि माझ्या नवऱ्याला पुस्तकात घातलंस!

गेल्या महिन्यात कामावरच्या बायकांनी मला त्या पुस्तकावरच्या सिनेमाला ओढून नेलं. पडद्यावरचा सज्जन बायकोला म्हणतो, “तुझ्या भावाला आता तुझी गरज उरलेली नाही. कशाला जीव जाळतेस?” अगदी हेच शब्द मी ह्यांच्या तोंडून ऐकले होते, पण तू घर सोडल्यावर. मग तुला कुठून कळले? ‘तुझ्या बहिणीला’ एवढाच बदल करून ह्यांनी तुलाही तेच लिहिलं होतं का?

तेव्हापासून चहा देताना ह्यांच्याकडे बघते. ते हसले की जास्तच भीती वाटते. परवा हिय्या करून पोस्टात गेले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “तुमचं टपाल साहेब स्वतः येऊन नेतात की! तुम्हीच सांगितलंय ना?” मी “हो, हो” म्हटलं आणि बाहेर पायरीवर बसून राहिले.

काल तुझं नवं पुस्तक हातात आलं. पहिल्या पानावर छापलंय, ‘आईला. एकदा तरी उत्तर पाठव.’ तेव्हा उमगलं, की तुला आईच्या आजारपणाची तार मिळालीच नव्हती. मीच ती ह्यांच्या हातात दिली होती, पाठवायला. तू आला नाहीस म्हणून इतकी वर्षं तुला मनातल्या मनात बोल लावत राहिले. हे पत्र तुझ्या प्रकाशकांच्या पत्त्यावर मी स्वतः टाकणार आहे. उत्तर ग्रंथालयात पाठव, घरी नको. दादा, आई नऊ वर्षांपूर्वी गेली. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, आणि मी तिला सांगितलं, की दादाला यायचं नाहीये.

तुझीच,
धाकटी