पासवर्ड तू बदललाच नव्हतास

अभयदादा,

तुझं गेमचं अकाउंट कुणी हॅक केलं नाय. तुझ्या नावानं सुलेखाला घाण शिव्या मीच लिहिल्या, बजाजनगरच्या आपल्या जुन्या कॉम्प्युटरवरून. तिनं तक्रार केली आणि गेमच्या कंपनीनं तू विकत घेतलेले सगळे गेम बंद केले.

वाळूजच्या कारखान्यातली शिफ्ट संपली की तू डबा न ठेवताच माझ्याशेजारी खेळायला बसायचास. पुण्याला तुझी बदली झाली आणि गेमच्या टीममध्ये माझ्या जागी सुलेखा आली. दर फोनला तुझं एकच, "सुलेखाचा नेम लई भारी आहे, सायली." तुला नेम धरायला कुणी शिकवलं, ते तिला सांगितलंस का?

काल तू फोनवर रडलास. तुमच्या ठरलेल्या लग्नाला ती आता नको म्हणतेय. मी म्हणाले, "कुणी तरी हॅक केलं असेल, दादा." खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं.

एक मात्र मनातून जात नाय. पासवर्ड तू बदलला असशील असं वाटलं, तरी मी सहज जुनाच 'बबडी' टाकला, तू मला हाक मारतोस ते नाव. अकाउंट लगेच उघडलं.

तरीही मी लिहिलं.

बबडी म्हणून सही करवत नाय,
सायली