बर्फ आला त्या दिशेला

कुओरवी, २० एप्रिल १९७४

ती. एल्लेताईस,
निलसचा शि. सा. न.

तुमच्या खनिजं शोधणाऱ्या कचेरीची माणसं तळ्यापलीकडच्या पाणथळीत खुंट्या ठोकून गेली. तू तिथूनच माती नेली होतीस ना? तिच्यात तांबं निघालं म्हणे! आईचा थरकाप उडाला. आपल्या रेनडिअर माद्या तिथेच वितात. अशा वेळी यंत्र घरघरलं तर त्या गाभ टाकतील, आणि कळप गेला की आपलं काय उरलं? पण मी हातपाय गाळले नाहीत. सगळ्या माद्या नैऋत्येच्या टेकडीमागे नेल्या. आई म्हणते, याने जन्मात पहिल्यांदा डोकं चालवलं. तू असतीस तर नुसते नकाशे बघत बसली असतीस.

लोभ आहेच, तो पार्सलातूनही दिसू दे. कॉफी संपली आहे.

तुझा निलस

रोवानिएमी, २५ एप्रिल

चि. निलस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आत्ताच वाचलं. अरे, तांबं खुंट्यांखाली नाहीच! हजारो वर्षांपूर्वी बर्फाचे प्रचंड थर नैऋत्येकडून सरकत आले, तेव्हा वाटेतला खडक खरवडून ती माती पुढे ओढत आले. म्हणून आम्ही मातीतलं तांबं मोजत, बर्फ आला त्या दिशेला उलट जातो. काल आकडे आले. सगळ्यात जास्त तांबं टेकडीमागे आहे. तू माद्या नेमक्या तिथेच नेल्यास रे!

सोमवारी भोक पाडायचं यंत्र तिथे येतंय. महिनाभर थांबा म्हणून साहेबांना विनवलं. ते म्हणाले, दलदल गोठलेली आहे तोवरच यंत्र नेता येतं. मला फार भीती वाटते. माद्या ताबडतोब परत ने. आईला सांगू नकोस.

हे पत्र पोस्टाच्या बसवाल्याच्या हातीच देते. माया असेल तर दोन ओळी लगेच टाक.

तुझी ताई

कुओरवी, २९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र वेळेवर मिळालं. पण वरचा बर्फ भुसभुशीत झालाय, माद्या पोटापर्यंत रुततात. हाकलल्या तर वाटेतच गाभ टाकतील, म्हणून आम्ही हलवल्याच नाहीत. आईने माझा चेहरा बघूनच सगळं ओळखलं. सकाळी ती यंत्रवाल्याला म्हणाली, बाबा, तांबं कुठे पळून जातंय? पिल्लं उभी राहीपर्यंत तरी थांब. त्याने मान खाली घातली आणि यंत्र सुरू केलं.

मी झोपडीत बसून लिहितोय. आई बाहेर उधळलेल्या माद्यांना एकेकीच्या नावाने हाका मारते आहे. एकही थांबत नाहीये.

लोभाचं नंतर बघू. तू घरी ये.

निलस