फिनेलनंतरचा दिवा

१२ ऑगस्ट १९९८
वीज परवापासून गायब. तारा पडल्यात म्हणे. राधानगरीच्या वरच्या अंगाला आमच्याकडे कोण बघतंय! रॉकेलची गाडीही वर आलेली नाही. दवाखान्याच्या संडासाच्या टाकीत मैल्यापासून होतो तो गॅस तेवढा चालू. त्यावरचा मेंटलचा दिवा फुसफुसतो, पण सुई टोचण्यापुरतं दिसतं. इथे नर्स मी एकटीच. मंगलला तपासलं. महिनाअखेरीस बाळंत होईल. गेल्या वर्षी तिचं पहिलं मूल टॉर्चच्या उजेडात गेलं. ऐन वेळी सेल संपले, रक्त कुठून येतंय तेच दिसेना... नको.

१६ ऑगस्ट
मंगलची सासू, आक्का, आज चक्क आमच्या संडासात गेली! टाकी जोडली तेव्हा हीच दारात उभी राहून बोंबलत होती, "माणसाच्या घाणीवरचा दिवा? त्या उजेडात माझ्या नातवाचं त्वांड बघायचं व्हय?" आता सगळ्या गल्लीला दटावते, "रानात कशाला जातासा? दवाखान्यात जावा की. माझ्या सुनंला उजेड लागणार हाय." खूप हसले. बरंही वाटलं.

२२ ऑगस्ट
पाऊस. गारठ्याने गॅस कमी झालाय. मं.च्या पायांवर सूज. म्हटलं, बाळंतपणापर्यंत खाली तालुक्याला राहा. आक्का ऐकेल तर शपथ. "गौरी घरात येणार, अन् भरल्या पोटाची सून भाईर? न्हाय जमायचं." घसा कोरडा केला. उपयोग शून्य.

२८ ऑगस्ट
काल मीटिंगला खाली गेलते. आज येऊन बघते तर संडास चकाचक, फिनेलचा घमघमाट. आक्काने बायका जमवून धुतला. माझ्या कपाटातलं फिनेल, वर कुणाच्या तरी घरचं ॲसिड. "लक्षुमी दारावरनं जाणार, अन् वास यील त्ये बरं दिसतंय व्हय, बाई?" नुसतं पाणी टाका म्हणून शंभरदा सांगितलं होतं. फिनेलने टाकीतले जंतू मरतात, जंतू मेले की गॅस बंद. करायला गेल्या गणपती, झाला मारुती! खूप ओरडले.

२९ ऑगस्ट
दिवा पेटत नाही. टाकी बांधणारे ओव्हरसियर मागे म्हणाले होते, असं झालंच तर चालू गोबरगॅसमधून निघणारी पातळ मळी आणून ओता, तिच्यात जिवंत जंतू असतात, ताजं शेण घाला, वाट बघा. वाट! कशी बघू? आक्काने खालच्या वाडीतून मळी आणवली. गौरीजेवणाचा दिवस, आणि बायका नवी लुगडी खोचून शेण कालवतायत. माझ्याशी कुणी बोलत नाही.

१ सप्टें.
काडी धरली. एकदा निळं झालं, विझलं. मं. विचारते, "बाई, उजेड हाय न्हवं?" हो म्हटलं.

३ सप्टें.
दुपारपासून मं.च्या कळा. ओढा पुलावरून वाहतोय, जीप यायची नाही. अंधारून आलंय. टॉर्चचे सेल जुनेच. रक्त थांबलं नाही तर? आक्का ओसरीवर बसलीय. आत यायला तयार नाही. "माझ्यापायी तिचं काय वंगाळ झालं तर, बाई?" काय सांगू? मलाही तीच भीती.
आता दिवा लावला. पेटला. पिवळा, थरथरता. खोली नाही दिसत, माझे हात दिसतात. किती वेळ टिकेल...
मंगल हाक मारतेय. आक्काला हाताला धरून आत नेते.