'माजी'तून काढून 'आजी'त घेणेबाबत

संदर्भ :
१. पितळी ढाल एक, खालचा कोपरा चेपलेला.
२. डाव्या गुडघ्यावरचे सात टाके.
३. कॅरम.
४. नातवंडाचा जन्मदाखला (नाही).
५. "आजी, मागे!"
६. पाण्याचे मीटर, रोज सोळा नग.

(संदर्भ आधी लिहा, असे आवक लिपिकांनी बजावले म्हणून ते आधी लिहिले आहेत. त्यांचा एकमेकांशी संबंध दिसत नसल्यास कृपया पुढे वाचावे. मागच्या दोन अर्जांत पुढे वाचले गेले नाही.)

प्रति,
मा. आस्थापना अधिकारी,
पाणीपुरवठा विभाग,
दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला.

विषय : खेळाडूंच्या नोंदवहीत माझे नाव 'माजी'च्या रकान्यातून काढून 'आजी'च्या रकान्यात घेणे व दि. १४ पासून बारा दिवसांची विशेष क्रीडा रजा मंजूर करणेबाबत. (अर्ज तिसरा.)

महोदय,

१. मी आपल्या विभागाच्या मीटर दुरुस्ती कार्यशाळेत सोळा वर्षे कारागीर आहे. बंद पडलेले मीटर उघडणे, चाके धुणे, काच बदलणे व पुन्हा पाणी सोडून काटा फिरतो की नाही हे पाहणे, हे माझे काम. मला ही नोकरी फुटबॉल खेळाडू म्हणून मिळाली. देशाच्या महिला संघात मी मधल्या फळीच्या मागे, बचावाला खेळले. एकूण सामने एकसष्ट, गोल दोन, दोन्ही डोक्याने.

२. गेल्या महिन्याच्या २६ तारखेला मला राष्ट्रीय संघाचे पत्र आले. दोन बचावपटू जखमी आहेत, तिसरी दमली आहे, त्यामुळे "अनुभवी खेळाडूची तातडीने गरज" आहे. ज्यांना नऊ वर्षांत माझा पत्ता सापडला नाही, त्यांना तो एका दुपारी सापडला. माझे वय अडतीस आहे. दि. १४ ला दुपारी चारपर्यंत शिबिरात हजर व्हायचे आहे, आणि २३ ला परदेशात सामना आहे. न गेल्यास पुन्हा पत्र येणार नाही, हे कुणी लिहिलेले नाही, पण मला वाचता येते.

३. विशेष क्रीडा रजा फक्त आजी खेळाडूंना मिळते. आपल्या नोंदवहीत मी माजी आहे. मी कधी निवृत्त झाले, ही माहिती मला नोंदवहीतूनच मिळाली.

४. नऊ वर्षांपूर्वी मला सातवा महिना असताना या कार्यालयाच्या सभागृहात एक कार्यक्रम झाला. तेव्हाचे साहेब भाषणात म्हणाले, "बाई आता वेगळ्या सामन्याच्या तयारीत आहेत." सगळे हसले. मीही हसले, ही माझी चूक. नंतर मला पितळी ढाल दिली आणि पोहोच म्हणून एका कागदावर सही घेतली. उभे राहून पाय सुजले होते, मी न वाचता सही केली. ढालीवर माझ्या नावाआधी 'माजी' कोरले होते, ते मी घरी जाऊन पाहिले. त्या सहीपलीकडे माझ्या निवृत्तीचा कोणताही कागद अस्तित्वात नाही.

५. बाळंतपणानंतर पाचव्या महिन्यापासून मी सराव करते. पहाटे मैदान, आठला कार्यशाळा. मध्ये गुडघा उघडावा लागला. त्या टाक्यांच्या रजेचा अर्जही आपल्याकडेच आहे. त्यात कारण "घरगुती" असे लिहिले आहे, कारण माजी खेळाडूला खेळताना दुखापत होऊ शकत नाही, असे मला खिडकीवर सांगण्यात आले.

६. पहिला अर्ज मी २ तारखेला दिला. त्यात घाईने एवढेच लिहिले, की "मला माजीऐवजी आजी करावे." आस्थापना लिपिकांनी तो वाचून शेजारच्या टेबलाला ऐकवला, "अहो, ह्या ताईंना आजी व्हायची घाई झालीय." मग तो कुटुंब तपशील विभागाकडे गेला. तेथील संगणक चालकांनी मला आजी केले.

७. म्हणजे आजी. आईची आई.

८. चार दिवसांनी पत्र आले, की नातवंडाचा जन्मदाखला सात दिवसांत सादर करावा. मी कळवले की माझी मुलगी नऊ वर्षांची असून चौथीत आहे. उत्तर आले : "आपल्या म्हणण्यात तथ्य आहे, तथापि एकदा आजी झाल्यानंतर पुन्हा आई करण्याची सोय संगणकात नाही." सध्या माझी मुलगी नातवंडांच्या रकान्यात आहे. तिच्या आईचा रकाना कोरा आहे. घरी हे कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मला न विचारता माझ्या जागेवर बसलीस होय गं?" मुलगी दोन दिवस मला आजी म्हणून हाक मारत होती. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, की मग माझी आई कोण? साहेब, हा प्रश्न मी आपल्याकडे पाठवते. तो आपल्या विभागाचा आहे.

९. दुसऱ्या अर्जात मी खुलासा केला : आजी म्हणजे आज असलेली. त्यावर शेरा मिळाला, की निवृत्ती रद्द करण्यासाठी मूळ निवृत्ती आदेशाची प्रत जोडावी. आदेश नाही, असे मी म्हणाले. लिपिक म्हणाले, "नसलेला आदेश रद्द कसा करायचा, ताई? आणि सही तर तुमचीच आहे ना?" मग ढाल परत करा म्हणाले. मी ढाल नेली. तिच्यावरचे 'माजी' मी आदल्या संध्याकाळी मीटरच्या स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढले होते. भांडारपालांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि वस्तू बिघडवलेली असल्याने घेता येत नाही, असे सांगितले.

११. (दहावा मुद्दा मी खोडला आहे. त्यात शिव्या होत्या.)

१२. आपल्या विभागाच्या कॅरम संघातील हेडमेस्त्री चोपन्न वर्षांचे आहेत. त्यांना दोन नातवंडे आहेत. खुर्चीवरून उठताना ते टेबलाला धरतात. नोंदवहीत ते आजी आहेत. मला त्यांच्याविषयी राग नाही, ते सभ्य माणूस आहेत आणि त्यांनीच मला ही नोंद दाखवली. मी फक्त विचारते, की आजोबांना आजी होता येते, तर मला का नाही?

१३. आपण स्वतः मला म्हणालात, "मॅडम, या वयात लोक मैदानात चालायला जातात." आपल्या दालनाबाहेरच्या भिंतीवर माझा फोटो आहे. पाहुणे आले की आपण त्याच्यापुढे थांबता व "ही आमची शान" म्हणता. त्या फोटोतली मुलगी तेवीस वर्षांची आहे. तिच्यावर आपली मेहेरबानी आहे, कारण ती रजा मागत नाही.

१४. गेल्या आठवड्यात संघाने मला दोन दिवस चाचणीला बोलावले होते. ती माझी हक्काची सुट्टी होती. तिथल्या मुली माझ्याहून पंधरा-सतरा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव ठेवले. चेंडू आमच्या अंगावर आला की त्या ओरडतात, "आजी, मागे!", "आजी, घे!" मी मागे जाते, मी घेते. दोन दिवसांत माझ्या बाजूने एकही गोल झाला नाही. थोडक्यात, जिथे मला आजी म्हणायला कागद लागत नाही, अशी एकच जागा आहे.

१५. विनापरवानगी सलग आठ दिवस गैरहजर राहिल्यास सेवा खंडित होते, हा नियम मला माहीत आहे. शिबिर व सामना मिळून बारा दिवस होतात. सोळा वर्षांत मी एकदाही विनापरवानगी गैरहजर राहिलेली नाही. तरी माझी नोंद दुरुस्त करून रजा मंजूर करावी. आणि मला आजी करणे कोणत्याही अर्थाने जमत नसल्यास, निदान आई तरी परत करावे.

आपली नम्र,
(सही. या वेळी वाचून केलेली)
मीटर दुरुस्ती कारागीर व बचावपटू
दि. १५

सोबत :
१. राष्ट्रीय संघाच्या पत्राची प्रत.
२. मुलीचा जन्मदाखला. आईच्या रकान्यात माझे नाव आहे, कृपया पाहावे.
३. ढाल (खरवडलेली). परत पाठवू नये.
४. कार्यशाळेतील माझ्या कपाटाची किल्ली. आत दुरुस्त केलेले सोळा मीटर आहेत, सगळ्यांचे काटे फिरतात.

काल दुपारी साडेतीन वाजता मी शिबिरात हजर झाले.