भिंतीला इस्त्री

१८ ऑक्टोबर, धनतेरस
मिलला व्हेकेशन लागलं. हॉलची भिंत मीच रंगवणार, हे आज जाहीर केलं. लाभपाचमला, म्हणजे दिवाळीनंतर इथली दुकानं उघडतात त्या मुहूर्तावर, जयश्रीचा शिवणक्लास याच हॉलमध्ये सुरू व्हायचाय. भिंतीवर आधीच्या मालकाचा वॉलपेपर: तळं, हंस, मागे बर्फाचे डोंगर. सुरतेच्या उधन्यात बर्फ! जयश्री म्हणे, गणपत पेंटरला सांगा, हॉल वेळेवर झाला नाही तर मी समोर उषाबाईंच्या हॉलमध्ये क्लास नेईन. सांगून टाकलं, बायकोचा क्लास दुसऱ्याच्या घरी भरवायची वेळ माझ्यावर यायची नाही. गणपतला सरळ रेघ मारता येत नाही. मी मिलमधलं कापड ताणायचं स्टेंटर मशीन कुणाकडून न शिकता चालवतो. डिप्लोमावाले मला विचारून बटण दाबतात.

रंगवाल्याकडे मोतिया मागितला, त्याने क्रीम पुढे केला. फरक कळत नाही आणि दुकान मांडून बसलाय. वर सल्ला: काका, पेला कागळ उखाडो, पछी कलर करो. म्हटलं, भाई, आधीचा कागद काढायचा की नाही ते मी बघतो, तू डबा दे.

२१ ऑक्टोबर
पहिला हात मारला. कडा टेप लावून. असं काम सुरतेत कुणी करत नाही.
जयश्री म्हणाली, हंस दिसतोय. ओला आहे म्हणून दिसतोय, वाळला की जाईल. बायकांना धीर नसतो.

२२ ऑक्टोबर, सकाळ
हंस आहे. शिवाय फुगे आलेत.
हवा अडकली आहे, दुसरं काही नाही. जयश्रीच्या डब्यातली सुई घेऊन एकेक फोडला. दुसरा हात मारला.
संध्याकाळी फुगे जास्त. रंगात भेसळ असणार.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
जयश्रीचा भाऊ हेमराज बारडोलीहून आला. दारातच विचारतो, दाजी, भिंतीला देवी निघाल्या का? बहीणभाऊ पोट धरून हसले. साखर कारखान्यात पोती मोजणाऱ्याने फिनिशिंगवर बोलू नये. जेवण झाल्यावर भिंतीला टेकून बसला. शर्टाच्या पाठीला मोतिया. माझा हात वाया घालवला.

२४ ऑक्टोबर
आंघोळ करताना सुचलं. कापड ताणून गरम हवेतून काढलं की सुरकुती राहत नाही. स्टेंटरवर आयुष्यभर हेच केलं. भिंत म्हणजे उभं ताणलेलं कापडच. हे कुठल्या पेंटरला सुचेल?

ओला पंचा ठेवून इस्त्री फिरवली. पहिला फुगा सपाट! जयश्रीला बोलावलं. तिच्याबरोबर उषाबाईही आल्या. दारातूनच म्हणाल्या, व माय! भितले इस्तरी कोन करस? म्हटलं, ज्याला कळतं तो.

दुसऱ्या फुग्याला इस्त्री चिकटली. ओढली, तर हंस मानेसकट इस्त्रीबरोबर आला. पाठोपाठ थोडं प्लास्टरही. उषाबाई तोंडाला पदर लावून पळाल्या. त्यांच्यामुळे लक्ष विचलित झालं.

पुट्टी आणायला गेलो, तर बाजारभर शटर खाली. एकजण म्हणाला, काका, लाभपाचमे आवजो. सगळं शहर एकदम सुट्टीवर! गणपतला फोन केला (फक्त माहितीसाठी). तो गावी, तोही पाचमनंतर येणार.

२५ ऑक्टोबर
सगळा कागद काढायचा निर्णय घेतला. माझा निर्णय, रंगवाल्याचा त्याच्याशी संबंध नाही. अर्धा निघाला. खाली दुसरा वॉलपेपर: गुलाबाची फुलं. तो निघत नाही. म्हणजे आधीचा मालकही कामं स्वतःच करणारा होता. एकूण अर्धे गुलाब, अर्धे डोंगर, मध्ये विटा.
जयश्री बघून गेली आणि शिलाई मशीन पुसायला बसली. समजूतदार होत चालली आहे.

२६ ऑक्टोबर, लाभपाचम
सकाळी शिलाई मशीनवर हळदकुंकू होतं. वाटलं, इथेच मुहूर्त. जयश्री म्हणाली, एका बाजूने धरा, जड आहे.
धरलं. उषाबाईंच्या हॉलमध्ये नेऊन ठेवलं. बायका आधीच जमलेल्या. मयुरी नावाची एक मुलगी दुसरीला हळूच विचारत होती, इस्त्रीवाले काका हेच का? जयश्रीने नवी साडी नेसली होती. मला ती कधी घेतली ते माहीत नव्हतं.

निघता निघता दिसलं, उषाबाईंच्या कोपऱ्यात ओल आहे. म्हटलं, पुढच्या सुट्टीत मी बघतो. सगळ्या जयश्रीकडे बघायला लागल्या. जयश्री म्हणाली, तुमचा चहा झाकून ठेवलाय, घरी जाऊन घ्या. मागोमाग दारापर्यंत आली आणि आतून कडी लावली.

कडी ढिली आहे त्यांची. तिला दोनदा लावावी लागली.