शाकाहारी समुद्र

२ ऑगस्ट १९७८, सांगली.
रत्नागिरीहून आमच्या हळदीच्या ट्रकमधून समुद्राचं पाणी आणि सहा मासे सुखरूप आले. काचेची टाकी बाहेरच्या खोलीत मांडली. खाऱ्या पाण्याचा टँक अख्ख्या सांगलीत हा पहिलाच असणार. आईनं दारातूनच विचारलं, जैनाच्या घरात हे खाणार काय? समजावलं, खाणं म्हणजे नुसती सवय. आमची मनी मांजर नाही का दूध-भाकरीवर! दिवस मावळल्यावर तीही आमच्यासारखी घरात काही खात नाही. रात्रभर फिरून येते आणि सकाळी तिला भूकच नसते. आई एवढंच म्हणाली, "ह्यातला एक बी जीव गेला, तर मी अन्न सोडीन." गॅरंटी दिली.

५ ऑगस्ट.
भिजवलेली मूगडाळ टाकली. तोंडात घेतात, थुंकतात. टेस्ट डेव्हलप व्हायला वेळ लागणारच.

११ ऑगस्ट.
पाचच दिसतात. सहावा दगडामागं असेल. लाजाळू आहे.

१९ ऑगस्ट.
तीन. पण मोठा पट्टेवाला काय बाळसं धरतोय! डाळ मानवली. बायको, गुणमाला, म्हणते की डाळ सगळी तळाशी कुजतेय. तिचा सायन्सशी संबंध नाही.

२० ऑगस्ट.
आई बस्तीतून देवदर्शन करून आली की टाकीपुढं उभी राहते. आजपासून वर चादर. मासे झोपलेत, असं सांगितलं. नेहमीसारखी जेवली. जीव भांड्यात पडला.

२ सप्टेंबर, संध्याकाळ.
दोनाचा एक होताना स्वतः पाहिलं. शेपटी बराच वेळ बाहेर होती. गुणमाला म्हणाली, कळलं का बाळसं कशावर होतं? घास उतरेना. आई सत्तरीची. तिनं खरंच अन्न सोडलं तर?

७ सप्टेंबर.
पर्युषण सुरू. पट्टेवाल्याला खायला आता कुणी उरलं नाही. आडवा तरंगतोय. त्यानंही उपास धरला असेल, असं मनाला सांगितलं. पटलं नाही. मासळी बाजारात गेलो. सुकट मागणार, तोच मासेवाली म्हणाली, "आवं आण्णा, वाट चुकला काय?" तसाच परत आलो. फार रडू आलं. उद्या ट्रकनं रत्नागिरी.

९ सप्टेंबर.
काल धक्क्यावरून सोडला. शेपूट हलवून गेला, वळूनसुद्धा पाहिलं नाही. घरी येऊन आईला ठासून सांगितलं, सहाच्या सहा सोडले. तसं खोटं नाही, पाच त्याच्या आतून गेले इतकंच.

आई म्हणाली, "पाच कवाच गेलं, मला ठाऊक हाय. मी जेवण सोडलं असतं तर तूबी सोडलं असतंस, म्हणून जेवत हुते."

माझी मान वर होईना. तिनं पाठीवरून हात फिरवला. प्रायश्चित्त दोघांनी मिळून करायचं ठरलं. उपास उद्यापासून. भूक मात्र आत्ताच लागली आहे.