अक्रोडाच्या पाळण्यावरचा समुद्र

कोर्चुला बेट,
१२ सप्टेंबर

आदरणीय श्टेफानियाविहीणबाई यांस,

येर्को आणि पेरिना यांचा, साष्टांग नसला तरी (कंबर वाकत नाही) मनापासूनचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? सफरचंदं उतरवायला स्वतः शिडीवर चढू नका, एवढं या व्याह्याचं ऐका. इकडे सारं क्षेम आहे. तुमचा तिहोमीर दिवसभर फेरीबोटीचं इंजिन दुरुस्त करतो आणि घरी आला की आमच्या वरच्या मजल्यावरचा, त्याच्याच बिऱ्हाडातला, नळ. बोट सुरू होते, नळ थांबत नाही. आमच्या तोन्काला, तुमच्या सुनेला, सहावा महिना लागलाय. तिला सकाळ-संध्याकाळ खारवलेले मासे लागतात आणि मध्ये अंजीर. (कधी दोन्ही एका घासात. मी तेव्हा तोंड फिरवून बसतो.)

तर विहीणबाई, मी पाळणा केला. केला म्हणजे यंत्राने केला. चाळीस वर्षं होड्या बांधलेल्या माणसाने यंत्राच्या दारी का जावं, असं तुमच्या मनात येईल. त्याचं कारण मी इथे कोणालाच सांगितलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यापासून माझा उजवा हात थरथरतो. पटाशी धरली की ती लाकूड सोडून अंगठ्याकडे बघायला लागते. मी कॉफीचा कप गुपचूप डाव्या हाताने उचलायला लागलो आणि पेरिनाला सांगितलं, खांदा धरलाय. तिने चार महिने खांद्याला ऑलिव्हचं तेल चोळलं. इतका तुकतुकीत खांदा अख्ख्या बेटावर कोणाचा नसेल.

आमच्या गोदीमागे मारियेता नावाची सुतारीण आहे. तिने कंप्युटरवर चालणारं कोरीव कामाचं यंत्र घेतलंय. त्यावर ती स्वयंपाकघराच्या कपाटांची दारं करते. मी कागदावर पाळणा काढून नेला, तिने तो कंप्युटरात उतरवला, अक्रोडाची मोठी फळी यंत्रावर आवळली आणि तेवढ्यात कुणी गिऱ्हाईक आलं म्हणून बाहेर गेली. पडद्यावर लांबीची रिकामी चौकट लुकलुकत होती. मी नव्वद लिहिलं आणि बटण दाबलं. पातं फिरायला लागलं. पुढे जातं, मागे येतं, बारीक भुसा उडतो, उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहतो, आणि आवाज अगदी लांबून येणाऱ्या बोटीसारखा. मी उलट्या खोक्यावर बसलो होतो. मला माझी पहिली होडी दिसायला लागली, तिच्या तळाखालचं हिरवं पाणी, त्या पाण्यात पाय सोडून बसलेली विशीतली पेरिना... माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा यंत्र थांबलं होतं. फळीच्या एका कोपऱ्यात पाळण्याचे सगळे भाग तयार होते, सुबक, गुळगुळीत, आणि माझ्या मधल्या बोटाएवढे. मी सेंटिमीटर लिहिले होते, यंत्राने मिलिमीटर वाचले. बाकी त्याने शब्द अन् शब्द पाळला.

मारियेताने ते बघितलं आणि म्हणाली, “येर्कोकाका, नातवंड व्हायचंय की उंदीर?”

(ते भाग मी जोडले. भिंती जाड, आत जागा एका सार्डिन माशापुरती. पेरिना त्यात लसूण ठेवते.)

दुसऱ्या खेपेला बटणाजवळ मारियेता स्वतः उभी राहिली. आता दोन्ही बाजूंवर लाटा हव्या होत्या. तिने कंप्युटरात तयार लाटा दाखवल्या. सगळ्या एका उंचीच्या, एका अंतरावर, शाळेतल्या मुलांसारख्या ओळीत उभ्या. मी म्हटलं, “असा समुद्र मी सत्तर वर्षांत पाहिला नाही. जरा वेड्यावाकड्या कर.”

“यंत्राला चुका करायला शिकवू? त्यासाठी मी आहे ना! तशा लाटा हव्या असतील तर स्वतः काढून द्या.”

विहीणबाई, तिच्यासमोर पेन्सिल धरायची म्हणजे सगळं उघडं पडणार. पण माघार कशी घ्यायची? मी काढल्या. प्रत्येक रेघ काकडत गेली. मारियेताची जीभ तिच्या पात्याहून तेज आहे, पण तिने फक्त दिवा माझ्या कागदाजवळ सरकवला. कागदाचा फोटो काढून तिने कंप्युटरात घातला, आणि एकेका बाजूला पाच तास, अशा त्या लाटा यंत्राने कोरल्या. माझी एकही थरथर त्याने सोडली नाही. आणि खरं सांगू? दुपारच्या वाऱ्याने पाण्यावर बारीक शहारा उठतो ना, तस्सा तो समुद्र अक्रोडावर उठला. हात धड असताना मला तो कधी जमला नव्हता.

पेरिना माझं जेवण घेऊन आली होती. तिने डबा ठेवला, लाटांवरून बोट फिरवलं आणि थांबली.

“ही तुझी रेघ आहे.”

“यंत्राची आहे.”

“येर्को, सेहेचाळीस वर्षं काढलीत तुझ्याबरोबर. कधीपासून थरथरतोय हात?”

मी सांगितलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “आणि माझं चार महिन्यांचं तेल?” मग तिथेच भुशात बसून तिने मला चमच्याने भरवलं, मारियेतासमोर, आणि मला जराही लाज वाटली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला डॉक्टरकडे ओढून नेलं. घाबरण्यासारखं काही नाही, वयाची थरथर आहे, कॉफी कमी करा, असं ते म्हणाले. मी हो म्हणालो.

पाळणा आता खिडकीपाशी आहे. हलवला की आवाज करत नाही. कळावे, लोभ आहेच, गुडघा जपावा.

तुमचा व्याही,
येर्को

ता. क. : तोन्का आणि तिहोमीर काल बोटीने स्प्लिट शहरातल्या दवाखान्यात जाऊन आले. जुळी आहेत. तिहोमीर तुम्हाला कळवणारच होता, पण तो कालपासून खुर्चीवरून उठलेला नाही.

ता. क. २ : तुमच्या माळ्यावर चार पिढ्यांचा पाळणा आहे, त्याला मी ईस्टरच्या जेवणात सर्वांदेखत कोंबड्यांचं खुराडं म्हणालो होतो. ती वाइन बोलली. तो पाळणा पाठवता का?

ता. क. ३ : विहीणबाई, मी पेरिना. ह्यांनी तीन पानं समुद्र लिहिला आणि माफी मागायची टाळली, वाइनवर ढकलली. ती मी मागते. पाळणा पाठवू नका, स्वतः घेऊन या, आणि परतीचं तिकीट काढू नका. दोन पाळणे हलवायचे म्हणजे घरात दोन आज्या हव्यात. येताना नळाचं एक वॉशर आणा.